रॉयल्टी-फ्री लायब्ररीत दिलेला ट्रॅक ‘गेला’ असं कुणी सांगितलं?

व्हिडिओवाल्यांना तयार संगीताचे परवाने विकणाऱ्या वेबसाइट, म्हणजे रॉयल्टी-फ्री लायब्रऱ्या, यांच्याबद्दल संगीतकार-वादकांच्या ग्रुपवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘रॉयल्टी-फ्री लायब्ररीला ट्रॅक दिला की तो गेला. पैसे एकदाच, कॉपीराइट कायमचा त्यांचा, आणि तो ट्रॅक दुसरीकडे विकताही येत नाही.’ नुकत्याच चाली बांधू लागलेल्या मुलांनी हे वाचून हात आखडता घेतलाय. म्हणून हे उत्तर.

‘पैसे एकदाच’ हे गिऱ्हाइकाच्या बाजूने खरं आहे, आपल्या नाही. लग्नाचा व्हिडिओ करणारा एकदा परवान्याचे पैसे भरतो. पुढे दर वापराला त्याला वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, इतकाच ‘फ्री’चा अर्थ. तोच ट्रॅक उद्या दुसऱ्याने घेतला की नवा परवाना आणि आपला नवा वाटा.

कॉपीराइटचं म्हणाल तर परवाना देणं आणि हक्क लिहून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या 1957च्या कायद्यातलं कलम 19 सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र कंपनी परदेशी असली तर करारात बहुधा तिकडचाच कायदा लिहिलेला असतो, त्यामुळे यावर विसंबून सही करू नये. आणि संगीत सरळ विकत घेणाऱ्या कंपन्याही आहेतच. स्वीडनची एपिडेमिक साउंड मालकी स्वतःकडे ठेवते. ‘बायआउट’, म्हणजे एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क विकत घेणं, हा शब्द करारात दिसला तर निरोपातली भीती तिथे रास्त आहे. सगळ्या लायब्रऱ्यांना ती लावणं चूक.

दुसरीकडे विकता येत नाही, हे फक्त एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे एकाच लायब्ररीला बांधून घेणाऱ्या, कराराला लागू. नॉन-एक्स्क्लुझिव्ह करारात तोच ट्रॅक चार ठिकाणी ठेवता येतो. खरी ठेच लागते ती यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे नोंदवलेलं संगीत कुणाच्या व्हिडिओत सापडलं की आपोआप हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत. माझा बासरीचा एक ट्रॅक दोन लायब्रऱ्यांत होता. एकीने तो कंटेंट आयडीत नोंदवला आणि दुसरीकडून रीतसर पैसे भरून घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या व्हिडिओवर दावा येऊन बसला. तो बिचारा मलाच चोर समजला! नोंदणीची परवानगी मीच न वाचता खूण करून दिली होती. तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवता येणारा, तयार मिळणारा संगीताचा तुकडा) वापरून केलेला ट्रॅक तर तिथे नोंदवूच नये. तोच लूप आणखी शेकडो जणांकडे असतो.

निरोपात जे असायला हवं होतं ते नाही. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था. तिचं सदस्यत्व घेताना सादरीकरणाचे, म्हणजे संगीत जाहीरपणे वाजवण्याचे, हक्क आपण तिच्याकडे सोपवतो, आणि काही लायब्रऱ्या अशा सदस्यांचं संगीत घेत नाहीत. अर्जात ‘सदस्य नाही’वर खूण करून पुढे जाणारे मी पाहिलेत. तसं करू नका. जो हक्क आपल्या हातात उरलेला नाही, तो देतो म्हणून तुम्ही सही करत असता.