प्रश्न जागरूकतेचा नाही

"ग्रामीण स्त्रियांमध्ये जागरूकता नाही, म्हणून साधनांचा वापर कमी" हे कुटुंबनियोजनाच्या साधनांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशात शहरातली साधारण ६९ आणि गावातली ६६ टक्के जोडपी काही ना काही साधन वापरत होती. म्हणजे फरक तीन-चार टक्क्यांचा! खरा फरक कोणतं साधन वापरतात यात आहे. निरोध शहरात १३-१४ टक्के, गावात जेमतेम ८.

माझं माहेर खेड्यातलं, सासर पुण्याचं. वहिनीचं दुसऱ्या बाळंतपणानंतर लगेच नसबंदीचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती २३ वर्षांची होती. आशाताईंनी तांबी सुचवली होती, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शनही. पण तांबी पोटात वर चढते असं म्हणत आईनेच मोडता घातला, आणि इंजेक्शनसाठी दर तीन महिन्यांनी उपकेंद्रात जायचं तर रोज बुडतो. मी पुण्यात मेडिकलमधून गोळ्या आणते, कुणी ओळखत नाही. गावातला मेडिकलवाला आमच्या भावकीतला! भावाला नसबंदीचं विचारलं तर म्हणे, "मला उसाच्या मोळ्या उचलायच्या असतात." मग वहिनी काय सावलीत बसते?