चार अँटेना आणि गोठणारं चित्र: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की गाडी उभी असताना आम्ही बसवलेल्या, मागच्या सीटसमोरच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसतं, ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठला की ते सारखं गोठतं, आणि सिग्नलची पट्टी मात्र तेव्हाही पूर्ण भरलेली असते. शिवाय चार अँटेना म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा, असंही लिहिलंत. पहिलं सगळं खरं आहे. अँटेनाबद्दलचं म्हणणं तुमच्या गाडीपुरतं खरं निघालं, आणि तो दोष आमचा आहे. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही पाठवलेली रिसीव्हरची नोंद मला स्वतः बसून पाहायची होती.

त्या नोंदीत चारही अँटेनांचा सिग्नल एकाच क्षणी पडतो आणि एकाच क्षणी सावरतो. असं व्हायला नको. टीव्हीच्या प्रक्षेपण मनोऱ्यावरून निघालेली लहर गाडीपर्यंत एका वाटेनं येत नाही. ती इमारतींवर, डोंगरांवर, शेजारच्या ट्रकवर आपटून अनेक वाटांनी येते. कुठे या लहरी एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते आणि असे पुसलेले खड्डे साधारण २५ सेंटिमीटरवर येत राहतात. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या घरात खड्डे ओलांडते. चौकातल्या लाल दिव्याला थांबल्यावर चित्र गेलं आणि गाडी वीतभर पुढे घेताच परत आलं, हा अनुभव तुम्हालाही असेल. तो हाच प्रकार.

चार अँटेना लावायच्या त्या यासाठी. एक अँटेना खड्ड्यात असताना दुसरी बाहेर असावी. एकेक अँटेना दहातला एक क्षण खड्ड्यात जाते असं धरा. दोन अँटेना खरोखर स्वतंत्र असतील तर दोन्ही एकदम खड्ड्यात जाण्याचा प्रसंग शंभरात एक, आणि चार असतील तर दहा हजारांत एक. रिसीव्हर चारांतली एक निवडून बाकीच्या सोडून देत नाही. जिचा सिग्नल जितका स्वच्छ तितकं तिला वजन देऊन चारही एकत्र करतो. पण त्यासाठी अँटेनांमध्ये किमान अर्ध्या लहरीचं, म्हणजे पाव मीटरचं अंतर लागतं. तुमच्या गाडीत आमच्या माणसानं दोन अँटेना ८ सेंटिमीटरवर चिकटवल्या आणि उरलेल्या दोन धातूचा पातळ थर असलेल्या काचेमागे. तो थर उन्हाची उष्णता अडवतो, तशी रेडिओलहरही अडवतो. तुम्ही चार अँटेनांचे पैसे मोजलेत आणि तुम्हाला जेमतेम एकीचा उपयोग मिळाला. याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

दुसरी चूक फोनवर झाली. आमच्याकडून तुम्हाला बूस्टर, म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणारं यंत्र, लावायला सांगितलं गेलं आणि त्यानं त्रास वाढला. तो वाढणारच होता. खड्ड्यात सिग्नलच पुसला गेलेला असताना बूस्टर फक्त गोंगाट मोठा करतो, आणि मनोऱ्याजवळ रिसीव्हरला झेपणार नाही इतका जोर देतो. तो काढून ठेवा. भरलेली पट्टीही याच कारणानं फसवते: ती सरासरी ताकद दाखवते, सिग्नल किती शुद्ध आहे ते नाही. ताकदीऐवजी शुद्धता दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो आहोत. ते सुरुवातीपासून असायला हवं होतं.

जुन्या टीव्हीवर निदान मुंग्या येऊन चित्र दिसायचं, हे तुमचं वाक्य मला पटतं. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय एका हद्दीपर्यंत इतकी चोख चालते की बिघाड जाणवतच नाही, आणि हद्द ओलांडली की काहीच उरत नाही. मधली पायरी जवळजवळ नाही.

आता जे माझ्या हातात नाही ते. तुमच्या नोंदीत वाहिन्यांचे दोन गट आहेत. एक डीव्हीबी-टी या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या जुन्या मानकाचा, ८के पद्धतीचा. दुसरा त्याच्या नव्या आवृत्तीचा, डीव्हीबी-टी२चा, ३२के पद्धतीचा. इथे ८के, ३२के म्हणजे चित्राची स्पष्टता नव्हे; सिग्नल किती हजार बारीक वाहक लहरींवर वाटून पाठवतात, त्याचा तो ढोबळ आकडा. गोठण्याचे बहुतेक प्रसंग दुसऱ्या गटात आहेत. माहितीचा एक तुकडा, ज्याला सिम्बॉल म्हणतात, पाठवायला ८केमध्ये सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतो, ३२केमध्ये ३.६. तेवढ्यात ८० च्या वेगातली तुमची गाडी पहिल्या पद्धतीत २ सेंटिमीटर सरकते, दुसरीत ८. खड्डे २५ सेंटिमीटरवर असताना ८ सेंटिमीटर म्हणजे एकच तुकडा पोहोचेपर्यंत लहरींच्या वाटा बदलून जातात, आणि शेजारच्या वाहक लहरी एकमेकींत मिसळतात. ३२के पद्धत घराच्या छतावरच्या स्थिर अँटेनासाठी निवडली जाते. तिच्यात जास्त वाहिन्या मावतात, पण धावत्या गाडीला ती सोसत नाही. धावत्या ग्राहकाचा विचार आधीपासून झाला तर किती फरक पडतो ते जपानमध्ये दिसतं: तिथे वाहिनीला मिळालेली फ्रिक्वेन्सीची पट्टी १३ भागांत वाटून मधला एक भाग हातातल्या आणि गाडीतल्या रिसीव्हरसाठी ठेवला, आणि ती सेवा २००६ मध्ये सुरू झाली.

म्हणून खरं सांगतो. अँटेना नीट बसवल्यावर ८केचा गट महामार्गावरही चांगला चालायला हवा. ३२केचा गट शहरातल्या वेगात सुधारेल, पण ८० च्या पुढे तो नीट चालेल असा शब्द मी देत नाही. ही गोष्ट विकतानाच सांगायला हवी होती. आता ती आम्ही पावतीवर छापतो आहोत.

दोन अँटेना पुढच्या काचेच्या दोन टोकांना आणि दोन मागच्या बाजूला, थर नसलेल्या भागात, आम्ही विनामूल्य बसवून देऊ. त्याआधी काच तपासू; तसा भाग नसेल तर छतावर बसवू. नंतर तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चाचणी घेऊ. गाडी तुम्ही चालवा, मी मागे बसून चारही अँटेनांची नोंद घेईन. तरीही समाधान झालं नाही तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ. बिलावरच्या क्रमांकावर सोयीची वेळ कळवा.