यक्षा, ये!

फेब्रुवारीत आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, हळद शिजत होती. वसमतकडच्या लोकांना हे दिवस माहीत आहेत. रात्रभर कुकरची वाफ, माणसांची जागरणं, सगळ्या शिवारात तो उग्र वास. त्या गडबडीत एक काळंभोर पिल्लू कुठून तरी आलं आणि शिजून पसरलेल्या हळदीच्या कडेला ऊब धरून झोपी गेलं. सकाळी उठलं तेव्हा त्याचे चारही पाय पिवळेधमक! शेजारच्या आखाड्यावरच्या मामांनी तिथल्या तिथं बारसं उरकलं : हळद्या.

माझ्या मुलीला ते पसंत पडलं नाही. ती आठवीत आहे. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ साली केंद्रानं मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये, आणि काम काय, तर दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की उठणाऱ्या लहरी टिपायच्या. जिथं आम्ही श्रावणात नागनाथाला जातो, तिथं हे होणार. तेव्हापासून हाताला लागेल ती विज्ञानकथा ती वाचते. "बाबा, याचं नाव विज्ञानकथेतलंच ठेवायचं," असं तिनं बजावलं आणि पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

पुण्याच्या भाच्यानं फोनवरून 'चुई' सुचवलं. 'स्टार वॉर्स'मधला तो केसाळ चुबाका. यातली एक गोष्ट मला फार आवडते. 'स्टार वॉर्स' बनवणाऱ्या जॉर्ज लुकास यांच्याकडे इंडियाना नावाचा कुत्रा होता, गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसायचा, आणि त्याला बघूनच त्यांना चुबाका सुचला. म्हणजे तिथं आधी कुत्रा होता, कथा मागून आली. पण आमच्या आईच्या तोंडी 'चुई'चं लगेच 'चिऊ' झालं, आणि अंगणातल्या चिमण्या नि पिल्लू एकाच हाकेवर आले. ते नाव तिथंच मिटलं.

मग 'रोबो'. याला मात्र मीच नाही म्हणालो, आणि त्याचं कारण मुलीला नीट बसवून सांगितलं. हा शब्द १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगभर गेला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीचं राबणं. माझे आजोबा निजामाच्या अमलात वेठीला गेलेले आहेत. साहेबाचा मुक्काम गावात पडला की बैल सोडून द्यायचे आणि स्वतःही मागं जायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं, पण म्हातारा मरेपर्यंत 'वेठ' शब्द उच्चारताना आवाज खाली करायचा. जे जनावर आपल्या मर्जीनं आपल्या दारात येऊन झोपलं, त्याला मी वेठबिगाराच्या नावानं हाक मारणार नाही.

तिसरं नाव 'लायका'. इथं मुलगी हट्टाला पेटली होती. लायका कथेतली नाही, खरीच होती, पण हिचं म्हणणं की जगातल्या कुठल्याही कथेपेक्षा ती मोठी. खरंच आहे ते. मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारशी कुत्री. आधी तिला कुद्र्याव्का म्हणायचे, म्हणजे कुरळी. मग लायका, म्हणजे भुंकणारी. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ या सोव्हिएत यानातून ती अवकाशात गेली. त्या यानाला परत येण्याची सोयच ठेवलेली नव्हती. बसवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. ती काही दिवस जगली असं जग बरीच वर्षं समजत होतं. २००२ साली उघड झालं की यान तापलं आणि अवघ्या काही तासांतच तिचा जीव गेला. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९६० मध्ये, बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या पृथ्वीला फेऱ्या मारून सुखरूप उतरल्या. स्ट्रेल्काला पुढं पिल्लं झाली, त्यातलं एक अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी भेट म्हणून गेलं. हे सगळं मुलीला सांगताना माझाच गळा दाटून आला. आपल्या पिल्लाला रोज त्या नावानं बोलवायचं आणि रोज ते बंद झाकण आठवायचं, हे मला जमणार नव्हतं. तीही मग गप्प झाली.

माझं एक ठाम मत या आठ दिवसांत पक्कं झालं. कुत्र्याचं नाव ज्याला आवडतं त्यानं ठेवू नये, जो भाकर टाकतो त्याच्या जिभेवर ते बसलं पाहिजे. मुलगी शाळेत, मी दिवसभर बाहेर. पिल्लाला ताकात भाकर कुस्करून घालते ती आमची आई. तिला हाक मारता येत नसेल, तर ते नाव मुलीच्या वहीतच राहणार. आणि आपल्याकडं नाव आहे तसं राहत नाही. टायगरचं टायग्या होतं, रॉकीचं रॉक्या होतं. हे प्रेमानंच होतं, म्हणून नाव असं हवं की ते मोडलं तरी कानाला बरं वाटेल.

तेव्हा मला जयंत नारळीकर आठवले. २० मे २०२५ ला सर गेले, त्या रात्री मी त्यांच्या कथा पुन्हा काढून बसलो होतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये, कथा कथा म्हणूनच तोलली जावी, यासाठी. आणि त्यांच्या पुस्तकांची नावं बघा : 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर'. केंब्रिजला शिकलेला, विश्वाच्या उत्पत्तीवर काम केलेला हा माणूस अवकाशाची गोष्ट सांगताना शब्द मात्र आपल्या आजीच्या पोथीतले घेतो. मराठी विज्ञानकथेनं मला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. भविष्याबद्दल बोलायला उसनी जीभ लागत नाही.

मी म्हणालो, "यक्ष."

मुलीनं मान डोलावली, कारण पुस्तक तिचं लाडकं. आईनं मान डोलावली, कारण तिनं पांडवप्रतापाची पारायणं ऐकलेली. आणि उच्चाराचा प्रश्न मराठीनंच सोडवला. नाव जोडाक्षरावर तुटतं खरं, पण हाक मारताना आपण 'यक्षा' म्हणतो. तो शेवटचा 'आ' शिवाराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. सुरुवातीचा 'य' ऐकला तरी ते पळत येतं, कारण यक्षा म्हटलं काय नि ये म्हटलं काय, त्याच्यासाठी अर्थ एकच.

भावकीतल्या एका काकांना मात्र हे खटकलं. महाभारतातलं नाव कुत्र्याला? त्यांचा राग मनापासूनचा होता, म्हणून मी वाद घातला नाही. उत्तर आईनं दिलं, ओसरीवर शेंगा फोडता फोडता.

"भाऊजी, तळ्यावर यक्ष होऊन प्रश्न विचारणारा कोण होता? यमधर्मच ना? अन् शेवटी धर्मराजाच्या मागं मागं स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रं गेलं, ते कोण निघालं? तोच. मग यक्ष अन् कुत्रं वेगळं कसं म्हणायलाव तुम्ही?"

मी हे कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. एकदा धर्म यक्षाच्या रूपात युधिष्ठिराची परीक्षा घेतो, एकदा कुत्र्याच्या. त्याला सोडून ये म्हणजे आत घेतो असं इंद्र म्हणतो आणि युधिष्ठिर नकार देतो. आई पुढं म्हणाली, "अन् आपली नरसी किती लांब आहे? नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळालेच की, कोरडी पोळी खाऊ नको म्हणून." काका हसले, शेंगांचा एक दाणा यक्षासमोर टाकला. त्यानं तो हुंगला आणि सोडून दिला.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यायला दवाखान्यात नेलं. कार्डावर डॉक्टरांनी नाव लिहिलं 'यश'. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, क्ष. यक्ष." त्यांनी खोडून नीट लिहिलं आणि विचारलं, "महाभारतातला का?"

"नाही, नारळीकरांचा," ती म्हणाली. मग थांबून, "दोन्हींचा."

हळदीचा रंग जाऊन आता पाय काळे झालेत. मामा अजून हळद्याच म्हणतात, त्या हाकेलाही तो जातो, कारण मामांच्या खिशात बिस्किट असतं.

तुमच्या कुत्र्याचं नाव काय, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी त्याचं काय झालंय? खाली लिहा, मी आईला वाचून दाखवणार आहे.