सातनंतर थेट नऊ

आज कार्यालयात एका तरुण सहकाऱ्याबद्दल कोणीतरी म्हणाले, "चुगलखोर आहे तो, जपून बोला." त्याचा अपराध एवढाच की, एकाच पुरवठादाराला लागोपाठ मिळत गेलेल्या कामांबद्दल त्याने लेखापरीक्षकांना लेखी कळवले. सगळे हसले. संध्याकाळ झाली तरी तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी एका खरेदीचा तुलनात्मक तक्ता माझ्याकडे सहीसाठी आला होता. तीन पुरवठादार, तीन बंद पाकिटे, तीन वेगवेगळे शिक्के. आमच्या भांडारपालांनी काही न बोलता तिन्ही दरपत्रके शेजारी शेजारी मांडली आणि अनुक्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवले. तिन्हींत ७ नंतर थेट ९ होता. तीन परकी माणसे नेमका तोच आकडा विसरत नाहीत. तिन्ही कागद एकाच संगणकातून निघाले होते.

टक्केवारीचा पैसा रोखीत, बाहेरच्या बाहेर फिरतो आणि तो सिद्ध करणे अवघड असते, हे मान्य. पण कागद बोलतातच. मंजुरीची मर्यादा चुकवायला एका खरेदीचे चार तुकडे पाडले जातात, निविदेच्या अटी एकच कंपनी बसेल अशा बेतल्या जातात, सर्वांत कमी दर भरणारा दोन महिन्यांत जादा कामाची बिले लावून सगळे वसूल करतो, आणि हरलेला पुरवठादार पुढे जिंकलेल्याचाच उपकंत्राटदार निघतो. सीमेन्स या जर्मन कंपनीच्या प्रकरणात लाचेचा बराच पैसा सल्लागारांच्या शुल्काच्या नावाने वह्यांत नोंदलेला होता. २००८ च्या तडजोडीपर्यंत त्या कंपनीने अमेरिका आणि जर्मनीतील यंत्रणांना मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर मोजले. अशा वेळी तपास करणाऱ्याने कोणालाही सावध न करता मूळ फाइल आणि पाकिटे आधी ताब्यात घ्यावीत, मग शुल्क घेतलेल्या सल्लागाराने लिहिलेला अहवाल मागावा. पुष्कळदा असा अहवाल नसतोच.

आता संगणकच सगळे पकडेल, असे सांगणारे भेटतात. थोडेफार पकडेलही. पण असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात नोकरीच्या जागी झालेल्या फसवणुकीची ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीस आली होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक खबरी कर्मचाऱ्यांनीच दिल्या होत्या. ज्यांच्यामुळे चोरी सापडते त्यांनाच आपण चुगलखोर म्हणतो, त्यांच्याशी जपून बोलतो, आणि वर भ्रष्टाचार वाढला म्हणून उसासे टाकतो! सूडापोटी केलेल्या तक्रारीही असतात, कबूल. पण त्या चौकशीत टिकत नाहीत.

त्या दिवशी मी भांडारपालांना एवढेच विचारले, "माल तर चांगला येईल ना?" आणि सही केली. त्यांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि टाचणी लावली. माल खरोखरच चांगला आला, आणि पुढे कितीतरी दिवस मी तेच स्वतःला सांगत राहिलो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला एकही कागद असा मांडून दाखवला नाही.

सगळे हसले, असे मी वर लिहिले आहे. त्यांत मीही होतो. उद्या सकाळी त्या मुलाकडे जाऊन त्याने लेखापरीक्षकांना दिलेल्या पत्राची प्रत मागणार आहे. देईल की नाही, ठाऊक नाही.