परदेशातून : भरलेली बाकं, न मोजलेली माणसं

वसईकडच्या कॅथलिक गप्पांत युरोपचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : तिकडची चर्चं ओस पडलीत, आपल्याकडं रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, उभं राहायला जागा नाही. पुरावा म्हणून जर्मनीचे आकडे पुढं केले जातात. ते खोटे नाहीत. २०२२ मध्ये ५,२२,८२१ कॅथलिकांनी चर्च सोडलं, २०२३ मध्ये ४,०२,६९४ आणि २०२४ मध्ये ३,२१,६११ जणांनी. पण हे आकडे श्रद्धेचे नाहीत, एका सरकारी अर्जाचे आहेत. तिथंच आपला हिशेब चुकतो.

जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. 'कॅथलिक' लिहिलं की पगारातून चर्च-कर कापायला सुरुवात होते. गावाकडं समज असा की पगाराचे नऊ टक्के जातात. तसं नाही. नऊ टक्के आयकराचे. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आठ. वर्षाला ८,००० युरो आयकर भरणाऱ्याला चर्च-कर पडतो ७२० युरो, आणि पुढं आयकर मोजताना त्याची वजावटही मिळते. सोडायचं असेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः जायचं : बऱ्याच राज्यांत जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात, नॉर्थ राईन-वेस्टफालियात स्थानिक न्यायालयात. तिथं फी ३० युरो. कारण कुणी विचारत नाही. दाखला मात्र जन्मभर जपायचा, कारण पुढं कधीही पुरावा मागितला जाऊ शकतो.

कर वाचवायला असा अर्ज भरणाऱ्या आपल्या तरुणांना पुढचं कुणी सांगत नाही. जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार अशा व्यक्तीला पापनिवेदन, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी) हे संस्कार घेता येत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता होता येत नाही. चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते. कॅथलिक रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या नर्सेसनी तर दहादा विचार करावा : चर्चच्या संस्थांनी २०२२ मध्ये नोकरीचे नियम बरेच सैल केले, कर्मचाऱ्याच्या खाजगी आयुष्यातून अंग काढून घेतलं, पण चर्च सोडणं हे नोकरी जाण्याचं कारण तेवढं ठेवलं. चर्च म्हणतं, शिक्षा कर चुकवल्याची नव्हे, जाहीरपणे नातं तोडल्याची. युक्तिवाद कायद्याला धरून असेल, मला तो पटत नाही. ज्याला फक्त कर नको आहे त्याला वेगळं दार ठेवलेलंच नाही.

तरीही माणसं केवळ कराला कंटाळून गेली असं म्हणणं सोयीचं आहे. कर पूर्वीही होताच. २०१८ च्या सप्टेंबरात बिशपांनीच करवून घेतलेला अभ्यास बाहेर आला : १९४६ ते २०१४ या काळातल्या कागदपत्रांत १,६७० धर्मगुरू-व्रतस्थांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप आणि ३,६७७ बळी. त्याआधी जर्मनीतल्याच लिंबुर्ग धर्मप्रांताच्या (एका बिशपाच्या हाताखालच्या प्रदेशाच्या) बिशपांचं निवासस्थान आणि आवार यांचा खर्च ३ कोटी युरोंच्या वर गेला. २०१४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. देखरेख करणारं मंडळ तिथंही होतं, पण बिशप त्याला वळसा घालून गेले. त्यानंतर कुठं एकेक धर्मप्रांत आपली मालमत्ता आणि ताळेबंद जाहीर करू लागला. हिशेब आला, पण विश्वास गेल्यावर.

आपल्याकडं असा अर्जच नाही, म्हणून सोडणाऱ्यांची मोजदादही नाही. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती (पॅरिश), हेच आपलं शेजारपाजार, भाऊबंद, लग्नं, दफनभूमी. रागावलेला माणूस जाणार कुठं? तो मागच्या बाकावर सरकतो, धर्मग्राम परिषदेत बोलणं थांबवतो, पुढं सणापुरता उरतो. भरलेल्या बाकांवरून हे कळत नाही.

दुसरा सूर असा की पारदर्शकता ही पाश्चात्त्यांची टूम आहे. ती चर्चच्या स्वतःच्या कायद्यात आहे. त्या कायद्याच्या कलमांना कॅनन म्हणतात. कॅनन ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी. धर्मग्रामाची सल्लागार परिषद, म्हणजे पालकीय परिषद, असावी की नाही हे बिशपांच्या मर्जीवर असतं, अर्थसमितीचं तसं नाही. कॅनन १२८७ सांगतो की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा. कॅनन २१२ आपलं मत आदर राखून मांडण्याचा प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या भाविकांना) हक्क देतो, कधी कधी ते कर्तव्यही म्हणतो. महाराष्ट्रात चर्चचे न्यास सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात, तिथं वार्षिक लेखापरीक्षण लागतंच. म्हणजे कागद तयार असतो. मागायचं तर 'एकूण जमा, एकूण खर्च' अशा दोन ओळींवर समाधान मानू नये. मिस्सेच्या दक्षिणा, दानपेटी, हॉलचं भाडं, ठेवी, बांधकाम निधी आणि धर्मप्रांताकडं गेलेली रक्कम वेगवेगळी, शेजारी गेल्या वर्षीचा आकडा. बांधकाम निधी चालू खर्चात मिसळला की कोणालाच काही सापडत नाही, प्रामाणिक खजिनदारालाही नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल तर वादाला जागाच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्येच प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सहज सापडणारी व्यवस्था सक्तीची केली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. 'आधी बिशपांना सांगू, मग बघू' हा क्रम कायद्यात कुठंही नाही.

प्रवचनांत अशा वेळी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस आठवतात : मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नका. मनातल्या हालचाली पारखण्यासाठी त्यांनी नियमांची यादी दिली, त्यातला हा पाचवा. जाणाऱ्यांना थांबवायला तो उपयोगी पडतो, आणि चांगला आहे. त्याच यादीतला तेरावा नियम मात्र सहसा ऐकू येत नाही. वाईटाला गुपित हवं असतं, असं त्यात म्हटलंय. जाणत्या माणसापुढं ते उघड झालं की त्याचा डाव फसतो.