इंटर्नशिपचे चाळीस दिवस, पण कसे विभागलेले?

"एमबीए झालाय, पण साधं एक्सेल येत नाही." महाराष्ट्रातल्या कंपन्यांची ही तक्रार इतकी जुनी आहे की तिच्यावरचा उपायही ठरून गेलाय: अभ्यासक्रम बदला. मग एखादा विषय वाढतो. आधी अ‍ॅनालिटिक्स आला, आता एआय. इकडे जर्मनीत, स्टुटगार्टच्या परिसरात राहून हा वाद वाचताना वाटतं, भांडण विषयांवरून चाललंय आणि घोडं अडलंय वेळापत्रकात.

नेमकं काय येत नाही, ते आधी बघू. फायनान्सच्या नव्या मुलाकडे बऱ्याचदा पहिलं काम येतं ते येणी बाकीच्या यादीचं: कोणाकडे किती रक्कम थकली, ३०, ६०, ९० दिवसांच्या रकान्यांत. समजा, सल्लासेवेचं बिल १,००,००० रुपयांचं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. ग्राहकाने मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापला आणि बँकेत आले १,०८,०००. वह्यांत १०,००० बाकी दिसतात, आणि आपला पदवीधर 'कृपया थकबाकी भरा' असा मेल ठोकून देतो. ती थकबाकी नाहीच. ते पैसे आपल्याच पॅनवर सरकारजमा व्हायचे आहेत. झाले की नाही, हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर, २६एएस म्हणून सगळे ओळखतात त्या विवरणात तपासायचं. तिथेही ते लगेच दिसत नाहीत, कारण ग्राहक टीडीएसचं विवरणपत्र तिमाहीने भरतो. एप्रिलच्या कपातीच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. ती उलटूनही नोंद आली नाही, तर फोन करायचा. तोही खरेदी विभागाला नव्हे, अकाउंट्सला. त्यात याच यादीत एक ग्राहक तीन स्पेलिंगांनी नांदत असतो, आणि सॉफ्टवेअरमधून काढलेल्या काही तारखा एक्सेल मजकूर समजतं, म्हणून दिवस मोजणारं सूत्रच अडून बसतं.

यात अवघड काय आहे? वर्गात तासाभरात शिकवून होईल. पण टिकत नाही. केस स्टडीत लागणारी सगळी माहिती त्याच वीस पानांत बांधून दिलेली असते. कामावर अर्धी माहिती गोदामाच्या सुपरवायझरकडे असते, आणि ती कोणाला, कधी, किती शब्दांत विचारायची, हेच खरं कौशल्य. भांडवलाचा खर्च, निव्वळ वर्तमान मूल्य वगैरे निरुपयोगी आहे असं मात्र कोणी समजू नये. ते पुढे नोकरीत कोणी बसवून शिकवत नाही. कॉलेजातच शिकावं लागतं.

मग समर इंटर्नशिप कशासाठी असते? पहिल्या वर्षानंतर साधारण आठ आठवडे. त्यातले पहिले काही दिवस लॉगिन मिळण्यात जातात, शेवटचे रिपोर्ट आणि पीपीटीत. उरलेल्या वेळात जेमतेम एखादी महिनाअखेर, म्हणजे महिन्याचे हिशेब मिटवण्याचं काम, धड बघायला मिळते. शिवाय कामही असं दिलं जातं की ते चुकलं तरी कोणाचं काही अडत नाही: शंभर लोकांचं ग्राहक-समाधान सर्वेक्षण हे त्यातलं लाडकं.

इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ साली स्टुटगार्ट आणि मानहाइममध्ये दुहेरी शिक्षणाची सुरुवात झाली. २००९ मध्ये त्या संस्थांना उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळून त्यांची 'ड्युआले होखशुले', म्हणजे दुहेरी उच्च शिक्षणसंस्था, झाली. पदवी तीन वर्षांची. विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो, मग प्रवेश मिळतो. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून. पगार वर्गाच्या महिन्यांतही चालू. तीन वर्षांत पंधराच्या वर महिनाअखेरी अंगावरून जातात.

त्याची किंमतही आहे. सेमिस्टरची लांब सुट्टी नाही, कर्मचाऱ्यासारखी रजा मोजून. कंपन्यांनी हात आखडला की कॉलेजच्या जागाही आटतात. आणि मुलगा एकाच कंपनीच्या पद्धतीत घडतो. मराठी मुलं इथे येतात ती बहुतेक पदव्युत्तर शिक्षणाला, या दाराने नाही. मग सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतचं विद्यार्थी-काम धरतात आणि प्रत्यक्ष कामाची सवय नसल्याने पहिल्याच जर्मन बिलावर ठेचकाळतात.

तेव्हा हे उचलून पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांत नेऊन ठेवा, असं म्हणण्यात अर्थ नाही. चाळीस माणसांचा कारखाना तीन वर्षं पगार देऊन मुलगा शिकवणार नाही. २०२४ मध्ये आली तेव्हा पंतप्रधान इंटर्नशिप योजना बारा महिन्यांची होती, पण तिच्या तेव्हाच्या नियमांनी एमबीए झालेल्यांना बाहेरच ठेवलं.

पण दिवस वाढवायची गरजच नाही. आठ आठवडे गुणिले पाच म्हणजे चाळीस दिवस. तेच चाळीस दिवस दुसऱ्या वर्षात, एकाच कंपनीत, महिन्याला चार असे वाटले तर दहा महिनाअखेरी मिळतात. दिवस कंपनीच्या कॅलेंडरने धरावेत: महिन्याचा पहिला किंवा दुसरा दिवस हिशेब मिटवण्यासाठी, ७ तारीख टीडीएस भरण्याची, १५ तारीख आदल्या दिवशी आलेलं जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं विवरण) खरेदीशी जुळवायला, आणि २० तारीख ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र, भरण्याची.

हे फसू कुठे शकतं, तेही उघड आहे. तारखा दर महिन्याला वेगळ्या वारी येतात, म्हणून तास बुडून हजेरीचा घोळ होतो. त्यासाठी आठवड्यात एक फिरता मोकळा दिवस लागेल. डेटा बाहेर जाण्याची भीती रास्त आहे: लॉगिन फक्त पाहण्यापुरतं द्यावं, पगाराची खाती बंद ठेवावीत. सगळ्यात मोठा धोका म्हणजे मुलाला व्हाउचर टाइप करायला बसवून विसरून जाणं. तिसऱ्या महिन्यापासून पाच ग्राहकांची बाकी त्याच्याच नावावर लावावी, ती पैशापर्यंत जुळली की अकाउंटंटने सही करावी, आणि निम्मे गुण त्या सहीला असावेत.

अकाउंटंट म्हणेल, मुलांना शिकवत बसायला वेळ कोणाला आहे? मग सुरुवात मार्चपासून करावी. ३१ तारखेला गोदामात माल मोजायला माणसं नेहमीच कमी पडतात. त्या दिवशी आलेल्या चार मुलांना तो नको म्हणणार नाही.