सेर्विस काँप्री, म्हणजे नेमकं काय?

२८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला हॉटेलांना मनाई केली. ग्राहक प्राधिकरणाचा २०२२चा नियम कायम राहिला. आपल्याकडे वाद अजून 'द्यायचा की नाही' यावरच अडलाय. फ्रान्समध्ये राहून पाहिलं की वाटतं, खरा प्रश्न तो आकडा कुठे छापायचा हा आहे.

इथे मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'सेर्विस काँप्री', म्हणजे 'सेवा दरातच धरलेली', असं लिहिलेलं असतं. काँप्री हे 'काँप्रांद्र' या क्रियापदाचं रूप. त्याचे अर्थ दोन: समजणं आणि सामावून घेणं. मूळ लॅटिन शब्द 'पकडणं' या अर्थाचा. आपलं 'ध्यानात घेणं' आणि 'पोटात घेणं' यांतलं घेणं तसंच. पूर्वी 'सेवा वेगळी' अशी पाटी असे आणि बिलावर वरून टक्के चढत. १९८७च्या आदेशाने ते थांबलं: बाहेर लावलेल्या दरातच कर आणि सेवा दोन्ही धरायचे. कार्डावर २४ युरो असेल तर भरायचे २४च. त्यातले २.१८ युरो १० टक्के व्हॅटचे. दारूवर मात्र व्हॅट २० टक्के.

आपला हिशेब मांडा. जेवण १००० रुपयांचं. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला की ११००, आणि त्या अकराशेवर ५ टक्के जीएसटी: एकूण ११५५. चार्ज नसता तर १०५०. म्हणजे शंभराच्या चार्जवरही पाच रुपये कर! मला राग रकमेचा नाही, ती जेवण झाल्यावर कळते याचा. वेटरचा पगार त्यातून निघतो म्हणता? मग डिशचा दर वाढवा, उघडपणे, कोण अडवतंय?

तरीही काँप्री म्हणजे ते टक्के वेटरच्या खिशात, असं समजू नका. त्याला पगार मिळतो. वरची बक्षिशी म्हणजे 'पूरब्वार', शब्दशः 'पिण्यासाठी'. ती ऐच्छिक. बशीत दोनेक युरोची नाणी ठेवली तरी चालतं.

पॅरिसच्या पर्यटकी भागात आपली माणसं इथेच फसतात. वेटर इंग्रजीत सांगतो, "टिप इज नॉट इन्क्लुडेड." तो खोटं बोलत नसतो, कारण टिप खरोखरच धरलेली नसते. धरलेली असते ती सेवा. कार्ड मशीनवर ५, १०, १५ टक्के दिसले तर शून्याचं बटण शोधा, ते बहुधा सगळ्यात खाली असतं.